‘झटका’ म्हणजे नेमकं काय झालं? मेंदू-नसांच्या तक्रारी सांगायच्या कशा, फाइल वाचायची कशी

खान्देशात ‘झटका’ या एका शब्दात निदान पाच आजार मावतात. हार्ट अटॅक आला तरी झटका, लकवा मारला तरी झटका, फिट आली तरी झटका, गालातून वीज चमकल्यासारखी कळ गेली तरी झटका, आणि झोप लागता लागता पाय उडाला तरी झटकाच. ओट्यावरच्या गप्पांत हे खपून जातं. कॅज्युअल्टीत खपत नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. अमळनेर, पारोळा, चोपडा या पट्ट्यात घरोघरी जाऊन लकव्याच्या आणि कंपवाताच्या पेशंटांचे व्यायाम घेते. एका घरातली साठीची आई. मुलाने दवाखान्यात सांगितलं, ‘मायले झटका उना.’ सगळे हृदयाच्या मागे लागले. ईसीजी निघाला, रक्त तपासायला गेलं. तासाभराने सून पोचली. ती म्हणाली, ‘आई भाकरी थापत होत्या. तोंड डावीकडे ओढलं गेलं, डावा हात ताठ झाला, मग थडथड उडायला लागला. दोन-तीन मिनिटांनी थांबला. नंतर बराच वेळ त्यांनी मला ओळखलंच नाही.’ तिला एकही वैद्यकीय शब्द येत नव्हता. तरी डॉक्टरांनी तेवढ्यावर ‘फोकल सीझर’, म्हणजे मेंदूच्या एका भागातून उठलेली फिट, असं लिहिलं आणि पेशंट डोक्याच्या स्कॅनला गेला. ईसीजी काढला ते चुकलं नाही, पण दिशा सापडली ती सुनेच्या चार वाक्यांमुळे.

त्या सुनेसारखं सांगता यावं, आणि डॉक्टरांनी फाइलवर लिहिलेला शब्द घरी आल्यावर समजावा, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

वाचत बसायचं नाही, निघायचं असतं तेव्हा

तोंड एकाएकी वाकडं झालं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडला, जीभ जड झाली, माणूस भलतंच बोलायला लागला, एकाएकी दिसेनासं झालं किंवा तोल जाऊन उभंच राहता येईना, तर १०८ ला फोन करा किंवा दारात असेल त्या गाडीने निघा. जायचं ते सीटी स्कॅन होतं तिथेच. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. हे साडेचार तास तक्रार दिसली तेव्हापासून मोजत नाहीत, माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. रात्री दहाला धड झोपलेले बाबा सकाळी सहाला लुळे उठले, तर वेळ धरतात ती रात्री दहाची. फाइलवर याला ‘लास्ट सीन नॉर्मल’ म्हणतात. म्हणून निघतानाच कुणीतरी घरात विचारून ठेवा, रात्री लघवीला उठले होते का, पहाटे कुणाशी बोलले का. त्या एका उत्तरावर इंजेक्शन मिळणं न मिळणं ठरू शकतं.

वाटेत पाणी नको, चहा नको, गोळी नको. गिळणं बिघडलेलं असलं तर घोटभर पाणीही श्वासनलिकेत जातं. घरातली अ‍ॅस्पिरिनसुद्धा नको, कारण आत गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कुणालाच कळत नाही. कबुतराचं रक्त चोळण्यात रात्र घालवलेली घरं मी पाहिली आहेत. त्यांच्यावर रागवून उपयोग नसतो, पण ती रात्र परत येत नाही.

फिट आली तर माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवा आणि घड्याळ बघा. तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्ध येण्याआधी दुसरी आली, तर तो ‘स्टेटस एपिलेप्टिकस’ समजतात आणि मग थांबायचं नाही.

आपल्याकडच्या शेतातल्या दोन गोष्टी शहरातल्या लेखांत सापडत नाहीत, त्या इथे सांगते. कापसावर फवारणी करून आलेल्या माणसाच्या तोंडाला लाळ सुटली, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या आणि कातडीखाली मांस फुरफुरताना दिसलं, तर ते विषारी औषध अंगात भिनलेलं असू शकतं. त्या फुरफुरण्याला ‘फॅसिक्युलेशन’ म्हणतात. अंगावरचे कपडे काढा, अंग साबणपाण्याने धुवा आणि औषधाची रिकामी बाटली सोबत न्या. डॉक्टरांना त्या बाटलीवरचं नाव हवं असतं. दुसरी गोष्ट मण्यारची. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत फारसं नाही, खूण दिसेलच असं नाही. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या मिटायला लागतात, बोलणं गिळणं अवघड होतं. पापणी खाली येणं म्हणजे ‘टोसिस’. झोपेतून उठलेल्या माणसाच्या दोन्ही पापण्या उघडत नसतील तर ‘झोप झाली नसेल’ म्हणू नका.

पायरी पहिली : शब्द फोडा

आता सावकाशीच्या तक्रारी. ‘माले चक्कर येस’ हे वाक्य मी रोज ऐकते आणि रोज त्याचा अर्थ वेगळा निघतो. स्वतःलाच चार प्रश्न विचारा.

घर गरगर फिरतं का? मग ते ‘व्हर्टिगो’. कूस बदलल्यावर किंवा माळ्याकडे वर बघितल्यावर गरगरून मिनिटभरात थांबत असेल तर बहुतेक वेळा कानाच्या आतले बारीक खडे जागचे सरकलेले असतात. त्याला ‘बीपीपीव्ही’ म्हणतात, आणि डोकं विशिष्ट पद्धतीने फिरवून ते जागेवर आणता येतात. गोळ्यांपेक्षा त्याचाच उपयोग जास्त.

उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते का, घाम फुटतो का? ते ‘प्रीसिंकोप’, आणि खरंच पडून शुद्ध गेली तर ‘सिंकोप’. इथे रक्तदाब आणि हृदय बघायचं असतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावची हवा तापली, घाम गेला, बीपीची गोळी तीच राहिली, की उठल्याबरोबर बीपी उतरतो. डॉक्टर ‘पोश्चरल ड्रॉप’ लिहितात तो हाच. ऐन उन्हात अंग चटका बसेल इतकं तापलं आणि माणूस बरळायला लागला तर मात्र ही चक्कर नाही, उष्माघात आहे. वरच्या भागातली गाडी तिथेही काढायची.

डोकं ठीक आहे, पण पाय भरकटतात का? दारू प्यायल्यासारखी चाल होते का? ते ‘अटॅक्सिया’. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो का, हेही सांगा. डॉक्टर उभं करून डोळे मिटायला लावतात ती ‘रॉम्बर्ग’ चाचणी. न्हाणीघरात तुम्ही तीच नकळत देऊन आलेले असता.

आणि चौथं, नुसतं डोकं हलकं वाटणं, भणभणणं. याला अनेक कारणं असतात आणि ती शोधायला वेळ लागतो.

‘मुंग्या’चंही तसंच. मुंग्या येणं ‘पॅरेस्थेशिया’, बधिरपणा ‘नम्बनेस’ किंवा ‘हायपोएस्थेशिया’, आणि चादर लागली तरी झोंबणं म्हणजे ‘अ‍ॅलोडायनिया’. त्यापेक्षा उपयोगाचं म्हणजे मुंग्या कुठे येतात ते. दोन्ही पायांत मोज्याएवढ्या आणि हळूहळू वर चढणाऱ्या असतील तर डॉक्टरांना मधुमेहाची ‘न्यूरोपॅथी’ आठवते. एक जिभाऊ मला म्हणाले होते, ‘चप्पल रस्त्यात पडी गयी, घरी उनू तधळ समजनं.’ चप्पल पायातून सुटली आणि घरी येईपर्यंत कळलं नाही, यापेक्षा चांगलं वर्णन कुठल्या पुस्तकात नसेल. ‘कापसावर चालल्यासारखं वाटतं’ हेही आपल्याकडचं नेमकं वाक्य आहे, मणक्यातला दाब किंवा ब-१२ ची कमतरता तिथून सापडू शकते. हाताच्या पहिल्या तीन बोटांतच मुंग्या, रात्री जास्त, हात झटकला की बरं, तर मनगटातली नस दबलेली असते, ती ‘कार्पल टनेल’. आणि कातडीवर फिकट चट्टा आहे, त्यावर स्पर्श कळत नाही, असं असेल तर लपवू नका. कुष्ठरोगाचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि वेळेत घेतलं तर बोटं वाचतात.

पायरी दुसरी : वेळ मांडा

मेंदूच्या आजारात ‘काय’ झालं यापेक्षा ‘केवढ्या वेळात’ झालं हे जास्त बोलतं. क्षणात झालं तर रक्तवाहिनी किंवा फिट. काही दिवसांत वाढत गेलं तर सूज किंवा संसर्ग. महिन्या-वर्षांत मुरत गेलं तर पेशी झिजण्याचे आजार किंवा गाठ. ढोबळ आहे, पण डॉक्टरांच्या डोक्यात पहिली चाळणी हीच लागते. फाइलवर ‘अ‍ॅक्यूट’, ‘सबअ‍ॅक्यूट’, ‘क्रॉनिक’ हे तीन शब्द दिसतात ते याच चाळणीचे. ‘क्रॉनिक’ म्हणजे गंभीर नव्हे, जुना. ‘अ‍ॅक्यूट’ म्हणजे तीव्र नव्हे, ताजा.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात गिया-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे पुष्कळ रुग्ण एकदम सापडले तेव्हा ‘जीबीएस’ हा शब्द आमच्या खेड्यांतही पोचला. त्याची चाल लक्षात ठेवण्याजोगी आहे. जुलाब किंवा सर्दी-ताप होऊन गेल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनी पायांत मुंग्या येतात, मग पाय जड होतात, मग अशक्तपणा वर हातांकडे सरकतो. एक दिवस पायरी चढवत नाही, दोन दिवसांनी खाटेवरून उठवत नाही. अशी चढती कमजोरी घरी थांबवून बघायची नसते, कारण ती छातीच्या स्नायूंपर्यंत पोचू शकते.

पायरी तिसरी : चहाची बशी बघा

थरथरीला ‘ट्रेमर’ म्हणतात, एवढं पुष्कळांना माहीत झालंय. पण घरात कुणाचा हात थरथरला की थेट कंपवाताचा शिक्का बसतो. तो शिक्का मारण्याआधी त्या माणसाला चहा द्या. कपातून नको, बशीत ओतून.

एक नाना आहेत, चोपड्याकडचे. खाटेवर बसलेले, उजवा हात मांडीवर. अंगठा तर्जनीवर फिरत असतो, तंबाखूत चुना मळताना फिरतो अगदी तसा. सेकंदाला चार-पाच हेलकावे. नात चहाची बशी आणते. नानांचा हात तिच्याकडे जातो आणि थरथर थांबते. चहा सांडत नाही. हा ‘रेस्ट ट्रेमर’, विश्रांतीतली थरथर. ही बहुधा एका बाजूला सुरू होते आणि डॉक्टरांना पार्किन्सनकडे, म्हणजे कंपवाताकडे, नेते.

दुसऱ्या घरातल्या काकू. हात मांडीवर अगदी शांत. बशी उचलली की हिंदकळायला लागते, ओठांपाशी येईपर्यंत निम्मा चहा पदरावर. दोन्ही हात. त्यांच्या वडिलांचंही असंच होतं, आणि आता मान पण ‘नाही नाही’ म्हटल्यासारखी हलते. हा ‘अ‍ॅक्शन ट्रेमर’, आणि आजाराचं नाव बहुधा ‘इसेन्शियल ट्रेमर’. काकूंना सहा वर्षं लोक कंपवात झाला म्हणत होते. दोन्हींची औषधं वेगळी, पुढची वाटचाल वेगळी.

तिसरा प्रकार, हात वस्तूच्या जवळ जाईल तसतशी थरथर वाढते आणि नेम चुकतो. हा ‘इन्टेन्शन ट्रेमर’, लहान मेंदूकडचा.

बशीवरून निदान करायचं नाही, निदान डॉक्टरच करणार. पण ‘हात थरथरतो’ याऐवजी ‘बसलेले असताना थरथरतो, कप घेतला की थांबतो’ असं सांगता आलं तर त्यांची निम्मी तपासणी तुम्ही केलेली असते. थायरॉइड वाढणं, दम्याची काही औषधं, फिटसाठीचं व्हॅल्प्रोएट, दारू एकदम सोडणं, यांनीही हात थरथरतो, तेही सांगायचं असतं.

आता पार्किन्सनबद्दल एक गोष्ट. हा आजार थरथरीचा म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्याचा खरा गाभा मंदपणा आहे. डॉक्टरांचा शब्द ‘ब्रॅडिकायनेशिया’. घरात तो असा दिसतो: बंडीची बटणं लावायला दहा मिनिटं लागतात. चालताना एक हात हलत नाही. नानी म्हणतात, ‘हे आजकाल रागावल्यासारखे का दिसतात?’, कारण चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत. त्याला ‘मास्क फेस’ किंवा ‘हायपोमिमिया’ म्हणतात. आवाज बारीक होतो, ‘हायपोफोनिया’. आणि अक्षर लहान लहान होत जातं, ‘मायक्रोग्राफिया’. नानांचं हे शेवटचं लक्षण घरच्यांच्या आधी बँकेने पकडलं. पैसे काढायच्या स्लिपवरची सही जुळेना म्हणून तीनदा परत पाठवलं होतं. जुनी पासबुकं किंवा सातबाऱ्याचे अर्ज घरात असतील तर पाच वर्षांपूर्वीची सही आणि आजची सही शेजारी ठेवून फोटो काढा आणि तो डॉक्टरांना दाखवा.

दुसरे शब्द ‘रिजिडिटी’ म्हणजे अंगातला ताठरपणा, आणि ‘फ्रीझिंग’ म्हणजे चालता चालता पाय जमिनीला चिकटणं. फ्रीझिंग उंबरठ्यावर हमखास होतं. तिथे ओढायचं नाही, माणूस पडतो. उंबरठ्याच्या अलीकडे जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या दोन-तीन आडव्या रेघा मारा आणि ‘रेघ ओलांडा’ म्हणा. मेंदूचा एक रस्ता बंद असला तरी डोळ्यांचा रस्ता चालू असतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला जादू वाटते.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने १८१७ साली या आजाराचं वर्णन छापलं ते अवघ्या सहा माणसांवरून, आणि त्यातली काही त्याने रस्त्यात नुसती पाहिलेली होती. एमआरआय तेव्हा नव्हता, आणि आजही पार्किन्सनचं निदान मुख्यतः बघूनच होतं. एमआरआय नॉर्मल आला म्हणून आजार नाही, असं धरू नका.

बाकीच्या हालचाली, थोडक्यात

‘डिस्टोनिया’ म्हणजे स्नायू पिळवटून एखादा अवयव वाकड्या स्थितीत अडकणं. मान एका बाजूला वळते, किंवा लिहायला घेतलं की बोटं आवळतात. एक डिस्टोनिया औषधाने होतो आणि त्याची भीती फार पसरते: उलटी थांबवायचं मेटोक्लोप्रमाइड घेतलेली तरुण मुलगी काही तासांनी मान मागे टाकते, डोळे वर फिरवते, जबडा आवळते. लोक भगत शोधायला निघतात. एका इंजेक्शनने ती थोड्या वेळात बरी होते. फक्त उलटीची गोळी घेतली होती हे कुणीतरी सांगायला हवं.

‘कोरिया’ हा ग्रीक शब्द, अर्थ नाच. हातापायांच्या, चेहऱ्याच्या सळसळत्या, हेतू नसलेल्या हालचाली. शाळेतली मुलगी घसा दुखून गेल्यावर काही आठवड्यांनी चुळबुळ करायला लागली, अक्षर बिघडलं, हातातलं ताट पडायला लागलं, सर ओरडतात, तर तिला ओरडण्याऐवजी दाखवा. हा सिडनहॅम कोरिया असू शकतो, आणि त्याच्याबरोबर हृदयाच्या झडपाही तपासाव्या लागतात.

‘मायोक्लोनस’ म्हणजे अंग क्षणभर दचकल्यासारखं उडणं. झोप लागताना होतं ते सगळ्यांनाच होतं, त्याची चिंता नको. ‘टिक’ म्हणजे डोळे मिचकावणं, खांदा उडवणं, काही वेळ दाबून ठेवता येतं ते. ‘अकॅथिशिया’ म्हणजे बसवत नाही, आतून उठावंसं वाटत राहतं. मानसिक आजाराच्या औषधांनी हे होतं आणि घरचे त्याला ‘आजार वाढला’ समजतात. ‘डिस्कायनेशिया’ हा शब्द पार्किन्सनच्या फाइलवर दिसला तर बहुधा लेव्होडोपा गोळीचा अंमल जास्त झाल्यावर येणारी डुलती हालचाल असा अर्थ घ्या.

पायरी चौथी : डॉक्टरांचा शब्द फोडायचा

हे शब्द ग्रीक आहेत म्हणून घाबरू नका. ग्रीक आणि संस्कृत चुलत बहिणी आहेत आणि त्यांचे उपसर्ग आपल्या ओळखीचे निघतात. आपला ‘अ’ तोच त्यांचा ‘अ’: अबोल, अशक्त, तसं अफेझिया, अटॅक्सिया. आपला ‘दुस्’, ‘दुर्’ तोच त्यांचा ‘डिस’: दुर्बळ, दुर्गंध, तसं डिस्टोनिया, डिसआर्थ्रिया. ‘हायपर’ म्हणजे आपलं ‘उपरि’, वर, जास्त. ‘हायपो’ म्हणजे ‘उप’, खाली, कमी. ‘हेमि’ म्हणजे अर्धा, संस्कृतातला ‘सामि’. पुढचे तुकडे पाठ करावे लागतात: ‘कायनेशिया’ हालचाल, ‘ब्रॅडी’ मंद, ‘पॅरेसिस’ अर्धवट कमजोरी, ‘प्लेजिया’ पूर्ण लुळेपणा. आता ‘हेमिपॅरेसिस’ स्वतःच उलगडा. अर्ध्या अंगात कमजोरी, पण थोडी ताकद शिल्लक. मला फाइलवर ‘प्लेजिया’ऐवजी ‘पॅरेसिस’ दिसलं की व्यायाम कुठून सुरू करायचे ते कळतं.

एका जागी मात्र डोळे उघडे ठेवा. ‘डिसफेझिया’ म्हणजे भाषा बिघडणं, शब्द न सापडणं. ‘डिसफेजिया’ म्हणजे गिळणं बिघडणं. इंग्रजीतही एकाच अक्षराचा फरक. डिस्चार्ज कार्डवर ‘डिसफेजिया’ असताना घरी आल्या आल्या आजोबांना वरण-बट्टी भरवली, असं एका घरात झालं आणि छातीत संसर्ग झाला. कार्डावर यातला कुठलाही शब्द असेल तर निघण्यापूर्वी विचारा, ‘तोंडाने काय काय द्यायचं? पातळ की घट्ट?’

बोलण्याचे आणखी दोन फरक. शब्द बरोबर पण जड, बोबडे येतात ते ‘डिसआर्थ्रिया’. शब्दच सापडत नाहीत, पाणी मागायचं तर ‘ते, ते’ म्हणतात, किंवा समोरच्याचं समजतच नाही, ते ‘अफेझिया’, वरचा डिसफेझिया तो हाच. इथे माझी एक तक्रार आहे. नंदुरबारकडची आजी पावरी किंवा भिली बोलणारी, आमच्याकडची अहिराणी बोलणारी. तिला प्रमाण मराठीत किंवा हिंदीत विचारलं, ‘आज कौनसा दिन है?’, ती गप्प. फाइलवर ‘कन्फ्यूज्ड’ पडतं. आजी कोणती भाषा बोलते हे तपासणीआधीच सांगा, आणि प्रश्न तिच्या भाषेत विचारायची परवानगी मागा. ‘आजी, कोन शे हाऊ?’ एवढं विचारल्यावर नातवाचं नाव घडाघडा सांगणारी माणसं मी पाहिली आहेत.

आता एक खरी ओळ घेऊ, कार्डावर असते तशी: ‘के.सी.ओ. एचटीएन, डीएम. अ‍ॅक्यूट सीव्हीए, लेफ्ट एमसीए इन्फार्क्ट, राइट हेमिप्लेजिया, पॉवर १/५, प्लांटार एक्स्टेन्सर.’

म्हणजे बीपी आणि साखर आधीपासून आहे. ताजा लकवा आहे. मेंदूच्या डाव्या बाजूची एक मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद पडून तिथला भाग मेला आहे, आणि शरीराची उजवी बाजू लुळी आहे. ‘लेफ्ट’ आणि ‘राइट’ दोन्ही बघून लोक मला सांगतात की टायपिंगची चूक झाली. चूक नाही. मेंदूचा डावा भाग उजवं अंग चालवतो. ‘इन्फार्क्ट’च्या जागी ‘हेमरेज’ असतं तर रक्तस्राव. ‘पॉवर’ शून्य ते पाचात मोजतात: शून्य म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे स्नायू नुसता फुरफुरतो, २ म्हणजे गादीवर सरकतो, ३ म्हणजे हवेत उचलला जातो, ४ म्हणजे थोडा जोरही सोसतो, ५ म्हणजे नॉर्मल. १ चा २ झाला की घरच्यांना काहीच झालं नाही असं वाटतं, मी मात्र त्या दिवशी खूश असते. ‘प्लांटार एक्स्टेन्सर’ म्हणजे तळव्यावर रेघ ओढली की अंगठा वर गेला. बाबिन्स्की नावाच्या डॉक्टरने १८९६ मध्ये सांगितलेली ही खूण, मोठ्या माणसात ती मेंदू किंवा मणक्याकडे बोट दाखवते. तान्ह्या बाळात नॉर्मल असते.

बेशुद्ध पेशंटच्या कागदावर ‘जीसीएस’, म्हणजे शुद्ध किती आहे त्याचा आकडा असतो, तो ३ ते १५ मध्ये. १५ म्हणजे पूर्ण जागा. सगळ्यात कमी ३ असतो, शून्य नसतो, त्यामुळे ‘तीन तरी आहेत’ म्हणून धीर धरू नका. आणि म्हाताऱ्या माणसाच्या स्कॅनवर ‘एज रिलेटेड अ‍ॅट्रोफी’ लिहिलेलं असेल तर ते बहुधा वयाप्रमाणे मेंदू थोडा आकसणं असतं, केस पिकावेत तसं.

पायरी पाचवी : पिशवी आणि मोबाइल

सगळ्यात मोलाची गोष्ट मोबाइलमध्ये असते. फिट, थरथर, चाल, बोलणं, जे दिसेल त्याचं वीस-तीस सेकंदांचं शूटिंग करा. फिटच्या वेळी आधी माणसाला कुशीवर करा, मग दुसऱ्या कुणीतरी शूटिंग करावं. चेहरा, डोळे आणि चारही हातपाय दिसू द्या. चालीसाठी समोरून, मागून आणि वळताना. दवाखान्यात गेल्यावर थरथर हमखास दडी मारते.

पिशवीत फक्त चिठ्ठ्या नकोत, घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या टाका. चक्करेच्या सिनारिझिन, फ्लुनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन, गॅसच्या गोळीत मिसळलेलं लेव्होसल्पिराइड, ही औषधं महिनोन्‌महिने घेतली तर काही वयस्कर लोकांत हुबेहूब पार्किन्सनसारखा मंदपणा आणि थरथर आणतात. बंद केल्यावर आठवड्या-महिन्यांत ते ओसरू शकतं. मेडिकलवरून ‘तीच मागची पट्टी द्या’ म्हणून वर्षभर घेतलेली गोळी चिठ्ठीवर कुठेच नसते, ती पट्टीच बोलते. बंद करायचं ते डॉक्टरांना विचारूनच. पार्किन्सनची लेव्होडोपा तर एकदम बंद केली की माणूस धोकादायकरीत्या ताठरतो. ती जेवणाआधी अर्धा तास घेतलेली बरी, कारण डाळ-दुधातली प्रथिनं तिच्या वाटेत येतात. कळण्याची भाकरी आणि वरण नंतर, गोळी आधी. गोळीचा अंमल असतानाच्या वेळेला ‘ऑन’ आणि उतरल्यावर ‘ऑफ’ म्हणतात. कॅलेंडरच्या मागे दोन दिवस तासातासाने ‘चालू’ आणि ‘बंद’ एवढंच लिहून नेलंत तरी डोस बसवायला डॉक्टरांना ते पुरतं.

उठण्याआधी एक प्रश्न विचारायचा राहू देऊ नका: ‘घरी काय दिसलं तर परत यायचं?’ उत्तर कार्डाच्या मागे मराठीत लिहून घ्या. डॉक्टरांना घाई असेल तर सिस्टरना सांगा, त्या लिहून देतात.